चुकलेल्या निदानाच्या निमित्ताने

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, नाट्यमंडळाचे कलाकार आणि तंत्रज्ञ, आजच्या सत्कारमूर्ती बाई, आणि दाटीवाटीने बसलेल्या रसिकहो,

निवेदिकेने आत्ताच माझी ओळख करून दिली, ‘बाईंचा आवाज ज्यांनी सांभाळला ते डॉक्टर.’ टाळ्याही पडल्या. त्या मी मुकाट्याने घेतल्या, कारण टाळ्या परत कशा करतात हे मला ठाऊक नाही. पण खरं सांगायचं तर या आवाजाचं मी दोनदाच निदान केलं. पहिलं साफ चुकलं. दुसरं बरोबर निघालं, आणि म्हणून आज हा निरोपाचा समारंभ आहे.

बत्तीस वर्षांपूर्वी बाई माझ्या दवाखान्यात आल्या. त्या सव्वीस वर्षांच्या. संगीत नाटकात पहिलीच मोठी भूमिका मिळालेली. मी त्यांच्याहून तीनच वर्षांनी मोठा, दाराबाहेरच्या पाटीचा रंगही वाळला नव्हता. त्या वयात डॉक्टरला शंका म्हणून येत नाही. घशात आरसा धरला, स्वरतंतूवर गाठ दिसली. म्हटलं, “गाणं विसरा. दुसरं काहीतरी शिका. शिवणकाम वगैरे.”

“का? त्याला घसा लागत नाही म्हणून?” एवढंच विचारून त्या उठल्या आणि थेट तालमीला गेल्या. माझी फी देऊन गेल्या, हे आवर्जून सांगतो.

तालमीत वरचे सूर लागेनात. संगीतकार वैतागून म्हणाले, “वर जात नाही ना? मग खाली चल.” सगळ्या चाली तीन सूर खाली उतरवल्या. पुढचं आपण जाणताच. तो खरखरीत, दाट आवाज! एका समीक्षकाने तर लिहिलं की या आवाजामागे थोर साधना आहे. साधना कसली? ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती ती, मी स्वतः पाहिलेली!

प्रत्येक नव्या नाटकाचे दोन पास त्या मला पाठवत. सोबत चिठ्ठी, ‘रुग्ण अजून गाते आहे.’ आमची ही दर वेळी पहिल्या अंकातच माझ्याकडे वळून म्हणायची, “ऐकताय ना?” संसारात असं वाक्य फार वर्षं पुरतं.

दोन वर्षांपूर्वी बाई पुन्हा आल्या. गिळताना दुखत होतं. आरसा धरला. गाठ वाढली होती आणि तिचा रंग मला आवडला नाही.

“काय करू?” त्यांनी विचारलं.

“मला नका विचारू.”

“तुम्हालाच विचारणार. मागच्या वेळी तुमच्या उलट वागले आणि नाव झालं. आताही तुम्ही सांगाल त्याच्या बरोबर उलट करीन.”

रसिकहो, अशा रुग्णाला काय सांगावं? मी मोठ्या हुशारीने म्हणालो, “काही विशेष नाही. राहू द्या तशीच.”

बाईंनी माझा चेहरा निरखला. मग म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्हाला नाटक येत नाही. कधी काढायची?”

गाठ काढली. आणखी सहा महिने गेले असते तर आज आपण वेगळ्या कारणाने जमलो असतो. जीव वाचला. पण महिनाभराने त्या बोलल्या तेव्हा खोलीत दुसरंच कोणी आलं असं वाटलं. स्वच्छ, बारीक, शाळकरी मुलीसारखा आवाज. दाटपणा गेला होता. माझ्या हातून यशस्वीपणे गेला होता.

त्या आवाजात त्यांनी एकच प्रयोग केला. आम्ही दोघं होतो त्या दिवशी, मी आणि आमची ही. पहिल्याच पदाला मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “बाई आजारी दिसताहेत. बदली आणलीय.” कुजबुज वाढली. बाई थांबल्या, पुढे आल्या आणि म्हणाल्या, “मीच आहे. आवाज नवा आहे, थोडा वेळ द्या.” मग पद पहिल्यापासून म्हटलं. मध्यंतरात निम्मं नाट्यगृह रिकामं झालं.

प्रयोग संपल्यावर मी रंगपटात गेलो. बाई आरशासमोर रंग पुसत होत्या. मला एवढंच जमलं, “माफ करा.”

“कशाबद्दल? तीस वर्षं लोक माझी गाठ ऐकत होते, डॉक्टर. आज पहिल्यांदा मला ऐकलं, तर निम्मे घरी गेले.” कापसाचा बोळा तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, “पण निम्मे बसले ना! मला तर वाटलं होतं, तुम्ही दोघंच उराल.”

त्यानंतर रंगभूमी सोडायची हे त्यांनीच ठरवलं. या वेळी कोणाला विचारलं नाही.

संयोजकांनी मला गौरवपर बोलायला बोलावलं होतं, आणि मी कबुलीजबाब देऊन बसलो. त्यांचे आभार मानतो आणि त्यांची क्षमाही मागतो. बोलण्यात काही कमी-अधिक झालं असेल तर ते डॉक्टरचं अक्षर समजून सोडून द्यावं. आता बाई दोन शब्द बोलतील, आणि मी आग्रह केला आहे की एक पदही म्हणावं. आवाज ओळखीचा वाटला नाही, तरी कृपा करून उठू नका.