जागेवरच संपलेलं पेट्रोल

स्कूटर दुरुस्त होईतो शिंपीणबाई गॅरेजच्या बाकावर टेकल्या होत्या. डोळे मासिकात, कान मात्र पलीकडे, ओढून आणलेल्या एका कारपाशी चाललेल्या मेकॅनिक आणि एका वयस्कर बाईंच्या बोलण्याकडे.

“काकू, टाकीतलं पेट्रोल खेचणारा पंप जळालाय. टाकी पार कोरडी होईपर्यंत गाडी पळवलीत का?”

“पळवतेय कसली. रोज सकाळी दारातच नुसती सुरू करून ठेवायचे.”

“ते कशाला?”

“हे गेल्यापासून घर खायला उठतं रे. गाडीचा आवाज आला की वाटतं, निघाले कामाला.”

“आणि पेट्रोल?”

“ते हेच बघायचे. संपतं, हे डोक्यातच आलं नाही.”

“नवा पंप बसवतो. पण आता जरा चालवत जा गाडी.”

“येतेय कुठे मला? हे सारखे मागे लागायचे, शिकून घे म्हणून. मी म्हणायचे, तुम्ही आहात ना.”