बोलायचं ते आक्का बोलतील

माझं माहेर नामपूरचं, बागलाणातलं. तिकडं आमची बोली अहिराणी, आहे म्हणायचं तर आम्ही शे म्हणतो. लग्न होऊन नाशकाकडं आले, इथं मखमलाबादच्या पुढं सासरचा फुलांचा मळा, झेंडू, शेवंती, थोडी अबोली, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना चहा देताना माझ्या तोंडून निघालं, जपून घ्या, गरम शे. झालं. माझी थोरली जाऊ पदरात तोंड घालून हसली, आणि मग वर्षानुवर्षं तिला तेच पुरलं, काय गं, आज भाजी खारट शे का, नवरा घरी शे का. तिला आम्ही आक्का म्हणतो. मी काय बोलणार, सासूबाईंनी आल्या आल्याच सांगून ठेवलेलं, थोरली बोलत असली की धाकटीनं मध्ये तोंड घालायचं नाय. ते मी पाळलं. काय सांगू तुला, इतकं पाळलं की शेवटी ते माझ्या पोरीच्या मुळावर आलं.

अश्विनी माझी एकुलती एक. बारावीपर्यंत चांगली होती, हसायची, आक्काच्या प्रियंकाबरोबर एका सायकलीवर शाळेत जायची. मग कॉलेजला नाशकात जायला लागली आणि त्याच वर्षी तिनं टाकीचं पाणी सोडलं. मळ्यात आमची काळी टाकी हाय, पत्र्याच्या शेडवर, तिच्यात माणसं बोलतात म्हणे आणि ते बोलणं पाण्यात उतरतं. मी आधी घोट घ्यायचा, मला काय झालं नाय हे तिनं बघायचं, मग त्याच ग्लासातून ती पिणार. उन्हाळ्यात मी बाजाराला गेले की पोरगी दिवसभर तहानलेली राहात असंल, असं मला वाटायचं. देवऋषी झाले, अंगारे झाले, ते सगळं नको सांगायला. मग सरकारी दवाखाना. स्किझोफ्रेनिया, हा शब्द आधी जिभेवर बसेना, आता झोपेत विचारलंस तरी सांगंन. गोळ्यांनी तिची भीती कमी झाली पण पोरगी मंदावली. आंघोळ कर म्हणलं की करते, जेव म्हणलं की जेवते, नाय म्हणलं तर भिंतीकडं तोंड करून बसते. एखादा बरा दिवस असला की फुलं तोडते, आणि काय हलका हात तिचा, एक पाकळी मोडत नाय. आक्का तेवढाच दिवस बघायची. बघा की, येतंय की काम करता, सोंग हाय नुसतं, आईनं लाडावून ठेवलीय, खाते नि झोपते.

दवाखान्यात एक समाजसेविका ताई होत्या, त्यांनी सांगितलं, मावशी, अपंगत्वाचा दाखला काढा, मनाच्या आजाराला पण मिळतो, तपासणी होते, चाळीस टक्के किंवा वर लागले पाहिजेत, मग तिच्या नावानं पेन्शनचा अर्ज करता येईल. मला त्यातलं तिच्या नावानं एवढंच ऐकू आलं. कारण मला रोज डोळ्यापुढं एकच दिसायचं, आम्ही दोघं नवराबायको गेलेलो आणि माझी पोरगी आक्काच्या ओसरीवर ताटाची वाट बघत बसलेली, आणि आक्का म्हणती, खाते नि झोपते. ते मला मोडायचं होतं. दाखला मला त्यासाठी पाहिजे होता, दुसरं काय नाय.

तपासणीच्या दिवशी आमचे हे म्हणाले, मी गाडी घेऊन बाजाराला जातो, तुम्ही जा. आक्का म्हणाली, मी येते, माझं ऑपरेशन तिथंच झालं, मला सगळे दरवाजे माहीत हायत. मला बरंच वाटलं. अशूला मी न्हाऊ घातलं, तेल लावून वेणी घातली, नवा ड्रेस, वेणीत अबोलीचा गजरा. डॉक्टरकडं जायचं, साहेब लोकांपुढं, तर पोरगी स्वच्छ नको का. तिथं रांग ही एवढी, दरवाजा उघडा, आतलं बाहेर ऐकू येतंय. डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या, दमलेल्या होत्या. अशूला विचारलं नाव, वार, शिक्षण, तिनं बरोबर सांगितलं. आवाज येतात का म्हणल्या, तर नाय म्हणाली, कारण टाकीनंच तिला सांगितलेलं, कुणाला बोलू नको. मग मॅडमनी आमच्याकडं बघून विचारलं, स्वतःहून आंघोळ करते का, घरात काम करते का, माणसांत मिसळते का. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आक्का म्हणाली, सगळं करते हो मॅडम. भाकरी थापते, फुलं तोडते, आल्यागेल्याला पाणी देते, हसते, बोलते. गुणाची पोर हाय. जरा आळशी हाय, तेवढंच.

आणि मी? थोरली बोलत होती. त्यात पोरीला कुणी गुणाची म्हणलं की आईची मान हलतेच गं, चार लोकांत तर हलतेच. माझी पण हलली. मॅडमनी ते बघितलं आणि लिहिलं.

चाळीसच्या खाली आलं.

घरी येऊन मी आक्काला विचारलं, असं का बोललात. ती शेवंतीच्या गड्ड्या बांधत होती, तिनं वरसुद्धा बघितलं नाय. म्हणाली, सरकारी कागदावर आडनावासकट वेडी म्हणून छापून घ्यायचंय का तुला? माझ्या प्रियंकाला स्थळं येताहेत. तुझ्या पोरीचं तर झालंच हाय वाटोळं, माझ्या पोरीचं कशाला करते?

दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर भांडण झालं असतं. मी भांडले नाय. गड्ड्या उचलल्या, क्रेटमध्ये भरल्या. पण नामपूरच्या बाईच्या पोटात एखादी गोष्ट गेली ना, ती पचत नाय, ती उगवते. झेंडूचा सगळा हंगाम मी ती गोष्ट उगवू दिली. आक्काला रोज चहा दिला, तिचे पाय चेपले, हंडे उचलले, आणि मनात म्हणत राहिले, थांब. समाजसेविका ताईंना मी विचारून ठेवलं होतं, पुन्हा तपासणी मागता येते का. येते म्हणल्या, पण घरच्या माणसांनी खरं सांगायला पाहिजे. मी म्हणाले, सांगतील.

दिवाळीनंतर पिंपळगाव बसवंतचं स्थळ आलं. मुलगा द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर, घरची बाग. आक्का हवेत. आदल्या दिवशी माझ्याकडं येऊन म्हणते, उद्या पाहुणे यायचेत, अशूला मळ्यातल्या शेडमध्येच ठेव, समोर नको. मी म्हणाले, हो आक्का.

दुसऱ्या दिवशी मी अशूला न्हाऊ घातलं. तेल, वेणी, तोच ड्रेस, अबोलीचा गजरा. पाहुणे बसले, पोह्यांच्या बशा गेल्या, प्रियंका खाली मान घालून बसली, आणि मी पोरीचा हात धरून आत आले आणि सतरंजीवर बसले. आक्काच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिनं पोह्यांच्या बशांवरच टेकवला. मुलाच्या आईनं विचारलं, ही कोण? मी म्हणाले, माझी मुलगी. पण तिचं काय ते आक्का सांगतील, आमच्यात थोरलं माणूस बोलतं. आणि हसले.

आक्का काय करते? म्हणाली, हो, जावेची, गुणाची हाय, सगळं करते. पाठ झालेलं ना तिचं. तर ती बाई अशूकडं बघतच राहिली, रूप देवानं दिलंच हाय माझ्या पोरीला, आणि म्हणाली, अहो मग हिचं पण बघायचं का? माझ्या बहिणीचा मुलगा हाय ओझरला, एका मांडवात दोन लग्नं उरकू. आमचे भाऊजी, आक्काचे मालक, ठसकले. प्रियंकानं मान वर करून माझ्याकडं बघितलं, तिला कळलं होतं, पोरगी हुशार हाय. तिच्यावर माझा राग कधीच नव्हता. आणि अशू शांत, गजऱ्याला हात लावत बसलेली. मी म्हणाले, आक्का म्हणतील तसं.

आक्का मला ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेली. म्हणाली, काय मांडलंय तू हे, नाय म्हण त्यांना. आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला अगं म्हणाले. म्हणाले, अगं आक्का, तूच म्हणतेस ना गुणाची हाय, सगळं करते, मग मी कशाला नाय म्हणू? मी आत्ता बाहेर जाऊन हो म्हणते. साखरपुडा करू. मग ती सासरी जाऊन पाण्याचा ग्लास पुढं धरंल, आधी तुम्ही प्या म्हणंल, तेव्हा तुझे व्याहीच जाब विचारायला येतील, आणि मी म्हणंन, आक्कानं सांगितलं होतं. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. म्हणाली, काय पाहिजे तुला. मी म्हणाले, पुन्हा तपासणीला चल. त्याच मॅडमपुढं, त्याच दरवाजात. आणि जे जे बघितलंस ते सांग. मोठ्यानं सांग.

बाहेर जाऊन मी पाहुण्यांना सांगितलं, अश्विनीची तब्येत बरी नसते, औषध चालू हाय, तिचं सध्या काय नाय. खोटं काहीच नव्हतं त्यात. त्या बाई म्हणाल्या, बरं बरं, पोरीची काळजी घ्या. एवढंच. एवढ्याशा वाक्याच्या भीतीनं माझ्या पोरीचा दाखला बुडवला होता त्या बयेनं.

दुसऱ्या तपासणीच्या वेळी मला कितीतरी जणांनी शिकवलं, पोरीला आंघोळ घालू नका, केस पिंजारून न्या, फाटका ड्रेस घाला, लगेच टक्के वाढतात. मी म्हणाले, माझी पोरगी मी कुणापुढं घाण करून नेणार नाय. ती गजरा घालूनच जाईल. बोलायचं ते आक्का बोलतील.

तीच रांग, तोच उघडा दरवाजा, त्याच मॅडम. आक्कानं हळू सुरुवात केली. मी म्हणाले, आक्का, मॅडमना ऐकू येत नाय. मॅडमना येत होतं. मागच्या रांगेला येत नव्हतं. मग तिनं आवाज चढवला आणि सांगितलं, मागच्या खेपेला मी खोटं बोलले. सांगितल्याशिवाय ही आंघोळ करत नाय. पाळी आली तरी हिला कळत नाय. झेंडूच्या वाफ्यात बसते ती अंधार पडेपर्यंत, उठवलं तर ओरडते. एकदा हायवेपर्यंत चालत गेली होती चप्पल न घालता, माझ्या मालकांनी आणली. एक एक सांगत गेली, आणि मला वाटलं होतं हे ऐकताना माझ्या पोटात गार पडंल, तर गार काय पडतंय, प्रत्येक वाक्य माझ्याच पोरीवर पडत होतं, आणि पोरगी शेजारी बसून ऐकत होती. तरी मी थांब म्हणाले नाय. मग आक्का म्हणाली, पाणीसुद्धा दुसऱ्यानं आधी घोट घेतल्याशिवाय पीत नाय मॅडम. हिची आई बाजाराला गेली की मीच घोट घेऊन देते, पहिल्यापासून.

ते मला माहीत नव्हतं. लोकांना वाटंल मी तिथं विरघळले. नाय. माझा राग दुप्पट झाला. म्हंजे सगळं ठाऊक होतं तुला, माझ्याइतकं ठाऊक होतं, हातानं पाणी पाजत होतीस आणि तोंडानं सोंग म्हणत होतीस. नुसती अडाणी असतीस तर मी सोडलं असतं तुला.

आणि अशू आक्काच्या पदराला हात लावून म्हणाली, मोठीआई, हळू बोल ना गं, टाकीला कळंल.

मॅडमनी पेन खाली ठेवलं, मग तिच्याशीच बोलायला लागल्या, हळू आवाजात, टाकी काय म्हणते, कधीपासून म्हणते. पहिल्यांदा कुणीतरी नीट विचारलं. बाहेर आल्यावर अशूला तहान लागली. बाटली माझ्या पिशवीत होती, मी काढेपर्यंत आक्कानं आपली उघडली, घोट घेतला आणि तिच्यापुढं धरली. पोरगी गटागटा प्यायली. मी बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं.

दाखला आला. चाळीसच्या वर, चांगला वर. पेन्शनचं पण झालं, तिच्या नावानं. प्रियंकाचं लग्न पिंपळगावलाच झालं, वरमाला मी केल्या, मोगरा आणि गुलाब, एकही फूल शिळं घातलं नाय, कारण पोरीचा काय दोष. ती सासरहून फोन करते आधी अशूला. आक्का मात्र अजून माझ्या नजरेला नजर देत नाय, आणि आता शे म्हणून हसत पण नाय.

फक्त एक हाय. दाखला कायमचा नाय दिला, मुदतीचा दिलाय, मुदत संपली की पुन्हा तपासणी, पुन्हा ती रांग. आक्काला शुगर हाय, गुडघे गेलेत. म्हणून मी सांभाळते तिला. गोळ्या वेळेवर देते, चहात साखर घालू देत नाय, कुणाच्या बारशाला गेली तर पेढा हातातून काढून घेते, ती चिडते, म्हणते मरू दे की मला एकदाची. मी म्हणते, असं कसं आक्का. रोज दिवा लावताना तिचं नाव घेते मी, मनापासून घेते, देवा हिला शंभर वर्षं ठेव, बोलती ठेव, आवाज खणखणीत ठेव. मला ती पुढच्या तपासणीला लागणार शे.