पोरीला तुम्हीच सांगून जा

नाही, मला कुणी आग्रह करून उभं केलेलं नाही, आणि मी रुसून मागे बसलो होतो असंही नाही. मागची खुर्ची पंख्याखाली होती म्हणून तिथे बसलो. गुडघा धरलाय म्हणून सावकाश आलो. एवढ्यात कुजबुज सुरू, की मामांना बोलायचं नाहीये. बोलायचंय. चांगलं बोलायचंय.

तर रीतीप्रमाणे. आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले विमानाचे मालक. व्यासपीठावरचे आपले पायलट, ज्यांना जमिनीवर इतका वेळ गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघतोय. ज्यांना आज निरोप द्यायचा ते, उड्या शिकवणारे आपले सर, त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी, आपल्या बाई. आणि समोर जमलेले उड्या मारणारे, उड्या मारून थकलेले आणि नुसतेच चहाला आलेले सगळे. सगळ्यांना नमस्कार. कुणी राहिलं असेल तर त्याने स्वतःला यात धरावं.

नव्या लोकांसाठी सांगतो, मी छत्र्या भरतो, म्हणजे तुमची ती पॅराशूटं. तुम्ही आकाशातून खाली येता, छत्रीचा गोळा माझ्यापुढे टाकता आणि चहाला पळता. तो गोळा मी पसरतो, दोऱ्या सोडवतो, घड्या घालतो आणि गुडघ्याने दाबून पिशवीत कोंबतो. पूर्वी मीही उड्या मारायचो. या गुडघ्याने ते बंद केलं. शाळा काही फार झाली नाही माझी, त्यामुळे आधीच्या वक्त्यांनी सरांना दीपस्तंभ म्हटलं तसलं मला जमायचं नाही. आणि दीपस्तंभ कसला? दीपस्तंभ एका जागी उभा राहतो. हे सगळीकडे असतात. माझ्या घरातसुद्धा.

हसू नका, खरं सांगतोय. माझी मुलगी इथेच उड्या मारते, ते तुम्हाला ठाऊक आहे. उतरताना ती ते स्वूप करते. आज नातेवाईक मंडळीही आहेत, त्यांना कळावं म्हणून सांगतो. साधा माणूस छत्रीखाली तरंगत येतो आणि उतरतो. हे लोक जमीन जवळ आली की मुद्दाम पट्टा ओढतात, छत्री एका अंगावर पाडतात, गरकन वळतात. छत्री सूर मारते. मोटारीच्या वेगाने खाली येतात आणि अगदी शेवटी सपाट होऊन गवतावरून घसरत जातात. दिसतं झकास. पण वळण जरा खाली झालं, की सपाट व्हायला जागाच राहत नाही. मग जमीन येते. छत्री उघडलेली, धडधाकट, कुठे भोक नाही, आणि तिच्याखाली माणूस गेलेला. असंच होतं ते.

आणि छत्री जितकी लहान तितकी ती जास्त पळते. म्हणून सगळ्यांना लहान हवी असते. माझ्या मुलीलाही हवी आहे. आजवर तिला 'अजून नाही' म्हणणारे सर होते. आता ते निघाले. बाईंची बदली झाली, म्हणून हे चालले समुद्राकाठी. आता तिला 'नाही' कोण म्हणणार? मी म्हणतोच. रोज म्हणतो. माझं 'नाही' तिला पंख्याच्या घरघरीसारखं ऐकू येतं.

सरांचं मात्र तसं नाही. सर बिनसाखरेचा चहा पितात, तर ही बिनसाखरेचा पिते. लहानपणी बशीत उरलेली साखर बोटाने चाटणारी पोरगी! सर पाठीमागे हात बांधून आकाशाकडे बघतात, तर ही घरात तशीच उभी राहून छताकडे बघते. मी म्हटलं, "काय बघतेस?" म्हणाली, "सर म्हणतात, उतरायच्या आधी वर कोण आहे ते बघून घ्यावं." मी म्हटलं, "वर पंखा आहे." हिची आई हसली. ती पण त्यांच्याच बाजूची. मी दार नीट लाव म्हटलं की ऐकायचं नाही, आणि 'सर म्हणतात' म्हटलं की आमच्या घरात घड्याळसुद्धा वेळेवर चालतं.

लोक म्हणतात, मामा जळतात. जळतो. पुढे?

सरांची एक पद्धत आहे, ती ऐका. मैदानाच्या कडेला तो लाकडी बाक आहे ना, तिथे बसून ते प्रत्येकाचं उतरणं बघतात. कुणी झकास स्वूप मारला, गवतावरून लांबच्या लांब घसरला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, तरी हे मान वर करत नाहीत. पण कुणाला मध्येच वाटलं की काहीतरी चुकतंय, उंची कमी पडतेय, कुणी आडवं येतंय, आणि त्याने वळण सोडून दिलं, गुपचूप सरळ येऊन बदकासारखा उतरला, तर हे बाकावरून उठतात आणि टाळ्या वाजवतात. फक्त त्याच्यासाठी. मला आधी वाटलं थट्टा करतात. मी विचारलं, "सर, ज्याला जमलं नाही त्याला टाळ्या?" तर म्हणाले, "मामा, ज्याला जमतं त्याला लोक वाजवतातच की."

मला तेव्हा हे सगळं नाटक वाटलं. उगाच थाट. एवढी वर्षं मी पोरीला सांगत होतो, जपून उतर, जपून उतर. त्याला कुणी टाळी वाजवली नाही.

मग तो स्पर्धेचा दिवस. दोरीपलीकडे खुर्च्या मांडलेल्या, बायका-मुलं, भोंगा, सगळा गाजावाजा. आपल्याकडे दोन मैदानं आहेत. एक सगळ्यांचं. दुसरं निशाणांच्या ओळीपलीकडचं, वेगात उतरणाऱ्यांचं. ते रिकामंच ठेवतात, कारण तिथे माणूस उभा राहिला तर कापला जाईल. आता गंमत अशी, की वरून बघताना रिकामं मैदानच चांगलं वाटतं. खाली इकडे गर्दी, कुणी छत्री गोळा करतंय, कुणी फोटो काढतंय, आणि शेजारी एवढं मोकळं हिरवं गवत. नव्या माणसाचा जीव तिकडेच ओढ घेतो. आपले दातांचे डॉक्टर नवे होते. डॉक्टर, खाली वाकू नका, दिसताय तुम्ही. डॉक्टरांना वाटलं, कुणाच्या अंगावर पडण्यापेक्षा मोकळ्यात उतरू. मनाने भला माणूस. निशाणांची ओळ ओलांडून निघाले तिकडे, छत्रीखाली रमतगमत.

आणि त्यांच्या वर माझी पोर. मी छत्र्यांच्या खोलीच्या दारात होतो. तिने पट्टा ओढला, छत्री कलली. मला दोघं दिसत होते. तिला डॉक्टर दिसतात की नाही, ते मला दिसत नव्हतं. मी ओरडलो. एवढ्या उंचीवर काय ऐकू जाणार? घरात एका खोलीतून दुसरीत जात नाही.

तिने सोडलं. पट्टा सोडला, छत्री हळूहळू सरळ झाली. डॉक्टरांच्या बाजूने गेली, मैदान संपलं, पाण्याच्या टाकीजवळच्या काटेरी झुडपांत जाऊन बसकण मारली. स्पर्धेतून बाद. दोरीपलीकडे "अरेरे" झालं. एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "हिला येत नाही वाटतं." आणि डॉक्टर मजेत उतरले, हेल्मेट काढलं आणि मला विचारतात, "मामा, बरा उतरलो ना मी?"

त्या सगळ्या शांततेत एकट्याच्या टाळ्या ऐकू आल्या. सर बाकावर उभे होते. बाकासमोर नाही, बाकावर.

टाळी वाजवायला हात मोकळे लागतात. माझे दोन्ही डोक्याला होते. मी धावलो. या गुडघ्याने धावलो, ते बऱ्याच जणांनी पाहिलंय आणि त्याची नक्कलही करतात, मला माहितीये. ती समोरून आली, अंगभर काटे. मी हात पुढे केले. ती म्हणाली, "बाबा, एक मिनिट," आणि माझ्या बाजूने निघून गेली. सरळ बाकापाशी. "सर, सोडलं मी." हे म्हणाले, "पाहिलं." एवढंच. आणि तिचा चेहरा असा झाला, की तसा तो माझ्यामुळे कधी झालेला मला आठवत नाही.

घरी येऊनही तेच. "आई, सर बाकावर चढले!" आपण मरता मरता वाचलो हे नाही सांगितलं तिने. सर बाकावर चढले. काटे मी काढत होतो. चिमट्याने. मध्येच ओरडली, "बाबा, हळू!" म्हटलं, सरांना बोलाव, ते हळू काढतील.

तर हे असं आहे. मी तिला जपून उतरायला सांगितलं आणि तिला ती बापाची कटकट वाटली. यांनी तीच गोष्ट मानाची करून दिली. मला ते सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी बाकावर चढलो नसतो.

आता मुद्द्याचं. सरांची ती निळी छत्री, सगळ्यांत लहान, रुमालाएवढी. ती माझ्या खोलीत टांगलेली आहे. परवा ही आली आणि तिच्या कापडावरून हात फिरवत उभी राहिली. मी म्हटलं, "काय?" म्हणाली, "सर ही इथेच ठेवून जाणारेत." मी म्हटलं, "कुणासाठी?" म्हणाली, "बघू या." मी सांगितलं, मी ती तुला भरून देणार नाही. तर म्हणाली, "बाबा, मलाही भरता येते. तुम्हीच शिकवलंय."

हेच एक माझ्याकडून शिकली बघा.

काय? मागून कोण ते? हो, ऐकू आलं. "बाबा, बसा आता." बसतो. बसायलाच बोलतोय.

सर, तुमच्याबद्दल मी काही गोड बोलणार नाही. पण तुम्ही काही ठरवलं असेल किंवा नसेल, ती निळी छत्री घेऊन जा. आजच्या आज घेऊन जा. बाई, तुमच्या सामानात जागा नसेल तर मी करून देतो, मला कोंबता येतं. आणि जाण्याआधी तिला बाकावर बसवून सांगा, की आणखी बराच काळ आत्ताची मोठी छत्रीच. वाऱ्यात, गर्दीत, दमलेली असताना हीच सरळ उतरवता यायला हवी, मग पुढचं. तुमच्या शब्दांत सांगा, मला तुमचे शब्द येत नाहीत.

मान हलवताय. "तुम्ही बाप आहात, तुम्ही सांगा," असंच ना? नाही. मी सांगितलं तर ती उद्याच घेऊन वर जाईल. तुम्ही सांगितलं तर ती मला येता-जाता ऐकवेल, 'सर म्हणालेत अजून नाही', जसं काही मी विरुद्ध बोललो होतो. ऐकवू दे. म्हातारा होईपर्यंत ऐकवू दे. तुमचा चहा, तुमचं हात बांधणं, सगळं माझ्या घरात राहू दे, मी चरफडत बसेन. फक्त ऐकवायला ती असू दे.

अध्यक्ष महाराज, तुम्ही बोलू दिलंत, उपकार झाले. मंडळींनी ऐकून घेतलं, त्यांचेही. डॉक्टरांना उगाच मध्ये ओढलं, त्यांनी मनावर घेऊ नये. बाकी कुणाला काही टोचलं असेल तर चिमटा माझ्याकडे आहे.

आता हे पायलटसाहेब खुणा करताहेत, मामा, सरांसाठी दोन चांगले शब्द. नाही. जे बोलायचं ते बोलून झालं. सरांनी उठावं, बाहेर बाकावर जावं, पोरीला बोलवावं. तोवर मी एक अक्षर बोलणार नाही. हा घ्या माइक. नाही म्हटलं ना.