सहाव्या गाण्यातलं नाव

हॅलो?… मंजुषाताई? भक्ती बोलायले, पालमहून. ताई, अल्बमवर सगळ्यांची नावं हायेत, जिनिंगच्या वॉचमनचं पण, मग सहावं गाणं गाणारीचंच का न्हाई?

…हो, हो, धीट झालेच मी. बबिता अन् राजेश्री इथं पलंगावर बसल्यात, तोंडात ओढणी कोंबून. त्यांनीच पैज लावली, विचारून दाखव म्हणे.

…अगं थांब, आधी ऐक ना. किती महिने तुमी बँडवाले अल्बमचे रील टाकत होता, 'उघडीप' येतोय, 'उघडीप' येतोय. मला वाटलं, एवढा गाजावाजा अन् आत फुसकं निघणार. पण ताई, तुमी म्हणला होता तसाच निघाला गं. सेलूच्या त्या बंद जिनिंग मिलमधी गायले तेव्हा मला नुस्ता पत्र्याचा खडखडाट वाटला होता. आता तो गिटारचा आवाज पत्र्यावर आपटून परत येतो ना, छातीत बसतो. आमच्या कॉलेजात सगळे तेच ऐकायलेत. स्टँडवरच्या चहावाल्यानं पण लावलंय, अन् त्याला भजनाशिवाय काही चालत न्हाई…

…मुद्दाम? माझं नाव मुद्दाम न्हाई लावलं? का?

…रीलमधी माझा तुकडा टाकला, तेव्हाच फोन आला? कोणाचा?

…जाड आवाज… बोलता बोलता खाकरतात? …ताई, ते दिनकरकाका हायेत. बाबांचे मोठे भाऊ.

राजे, हसू नको जरा.

…आवाज ओळखला म्हणले? मग विचारलं काय? …सगुणाचं नाव तिला कोणी सांगितलं, हे?

…कोणी सांगितलं न्हाई गं. ते आमच्या घरचं हळदीचं गाणं हाय ना. हळद लावताना घरातल्या सगळ्या बायांची नावं घेतात त्यात, थोरलीपासून. पार्वती, नर्मदा, असं. नर्मदानंतर लग्नात कोणी काही म्हणत न्हाई, नुस्त्या दोन टाळ्या वाजवतात अन् पुढं जातात. मला वाटायचं, चालच तशी हाय. पण आई एकटी असली, पीठ मळायली असली, की तिथं 'सगुणा' म्हणते. तुमचा ड्रम तिथं थांबंना, टाळ्या बसंनात, म्हणून मी आईचं घेतलं. एवढंच.

…सगुणा म्हणजे माझी आत्या. बाबांची बहीण. मी व्हायच्या आधीच गेली. शेतातल्या विहिरीवर पाय घसरला म्हणतात. घरात फोटो न्हाई तिचा.

…आज परत फोन आला? संध्याकाळपर्यंत गाणं काढा म्हणले? न्हाईतर काय?

…पोरगी आमची हाय, आमी बघून घेऊ. …असंच म्हणले?

…अन् काढायचं का ठेवायचं, ते तू माझ्यावर सोडायलीस. बरं.

थांब ताई, फोन ठेवू नको. बाहेर गाडी आली. …हो, काकांचीच. उतरंनात खाली. इंजन चालूच हाय.

…या दोघी निघाल्या. मागच्या दारानं, चपला हातात घेऊन.

…बाबा आलेत. …काय बाबा? …कपडे? कशाला? …काकांच्या शेतावर राहायला? अन् कॉलेज? पुढच्या आठवड्यात परीक्षा हाय माझी. …माझ्याकडं बघून बोला ना.

…हाय ताई, हाय मी. आई पण आलीय. तिला पिशवी भरायला सांगितलेली दिसते, पण भरंना ती. दारात आडवी उभी राहिलीय.

…काय म्हणलीस, आई? …जरा मोठ्यानं. …सगुणाआत्याला पण असंच न्यायला आले होते? शेतावर चल म्हणून? काकाच?

…बाबा, खरं हाय का हे?

…खाली बघायलेत, ताई.

…न्हाई, रडत न्हाई मी. तू ठेवू नको. स्पीकरवर टाकते तुला, तू पण ऐक.

आई, बाबा. मी त्या गाडीत बसणार न्हाई. अन् गाणं हाय तसंच राहणार, आत्याच्या नावासकट. आता बाहेर जाऊन काकांना हे तुमी सांगता, बाबा, का मी सांगू?