मुकेंदी शिंप्याच्या जागी ढोल

किन्शासातल्या मातेते नाक्यावर ग्लोडी बसच्या रांगेत उभा होता. दोन गाजलेली गाणी जोडून त्याने केलेलं नवं गाणं समोरच्या टपरीवर लागलं, तशी त्याची कळी खुलली. पुढे दोन बायका बोलत होत्या.

"हे ऐकलंस का, ओडिया? सगळीकडे हेच वाजतंय."

"ऐकते की. दोन्ही गाणी काय बेमालूम जोडलीत!"

"मग तोंड का पाडलंस?"

"अगं, त्यातल्या पहिल्या गाण्यात गायक मध्येच आमच्या ह्यांचं नाव घ्यायचा. 'मुकेंदी शिंपी, मातेतेवाले!' त्याचे सगळे झगमगते कोट ह्यांनीच शिवलेले."

"आठवतं की! घेतातच आपल्याकडे गाण्यात नावं, ओळखीपाळखीच्यांची."

"हे जाऊन चार वर्षं झाली. रेडिओवर ते लागलं की हातातलं काम टाकून मी नावापर्यंत थांबायची. आता जुनं कोणी लावतच नाही. आणि ह्यात त्या जागी नुसता ढोल."

"कुणा पोराने जोडलं असेल गं. त्याला काय ठाऊक मुकेंदी कोण!"

"कोण ते नसेल ठाऊक. पण नाव ऐकल्याशिवाय इतकं नेमकं कापता येतं का?"

टपरीवर ढोल वाजला. त्यावर ओडिया हळूच म्हणाली, "मुकेंदी शिंपी, मातेतेवाले."

मग ती मागे वळली.

"भाऊ, तुमच्या मोबाइलमध्ये असेल का हो ते जुनं गाणं?"

"आहे, ममा."

"नावासकट?"

"नावासकट," ग्लोडी जमिनीकडे बघत म्हणाला.