चार बोटं लांब वळी

नाव जानकी गोकुळदास मोरजे. वय सत्तर की एकाहत्तर, कार्डावर असेल ते घाला. धंदा सुंभ वळणे. शिक्षण दुसरी. राहणार मोरजी, तालुका पेडणे.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, जखमी गुरुदास हा माझा मुलगा, वय चव्वेचाळीस. तो पाडेली आहे, लोकांच्या माडांवर चढून नारळ उतरवतो. पंधराव्या वर्षापासून चढतो, दिवसाला तीस-चाळीस माड. छातीची कातडी बैलाच्या खांद्यासारखी झाली आहे. तीन वर्षं उजवा हात वर जात नाही, सदरा सून देवकी घालते. गुडघे वाकत नाहीत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं चढू नको म्हणून लिहून दिलं. मग काय करू, ते त्या कागदावर नव्हतं. किनाऱ्यावरच्या हॉटेलात राखणदार म्हणून गेला. तिथे बारा तास उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी परत आला.

पुढे आठ दिवस तो पायरीवर बसून होता. मी म्हटलं, "तुझो बापूस मरेपर्यंत चडलो. तू हय बसान अंडी उबवतंस?" हे मी बोलले. नातवंडांसमोर बोलले. सुनेला विचारा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चढायला निघाला.

पायांत अडकवून चढायची काथ्याची वळी आमच्या घरात मीच वळते. पाडेली परक्या हातची वळी घालत नाही. वळी आखूड असली की पाय माडाला घट्ट बसतात, पण गुडघा पुरता वाकवावा लागतो. त्याचा वाकत नव्हता. म्हणून या खेपेला चार बोटं लांब वळली. सैल वळीतून पाय निसटतो हे मला ठाऊक होतं.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास भाटकार, म्हणजे माडांचे मालक, पांडुरंगबाब यांच्या बागेत मी नारळ गोळा करत होते. पाचव्या माडावर गुरुदास अर्ध्यात थांबला. पांडुरंगबाब खालून ओरडले, "माडाक मिठी मारून निजलंस काय रे? तुझी बायल घराक आसा!" गडी हसले. मीही हसले. तो चार हात आणखी चढला. मग पाय सुटले. पाठीवर पडला. कमरेखाली त्याला आता काही कळत नाही.

तो प्यालेला होता असं पांडुरंगबाबांनी सांगितलं आहे. ते खोटं आहे. सकाळी पेज जेवला, मीच वाढली. हात थरथरत होते ते खांद्यामुळे. तीन वर्षं थरथरतात, त्यांच्याच माडांवर.

वळी तुम्ही जप्त केली आहे. नीट बघा, कुठे तुटलेली नाही. माझी दोरी तुटत नाही. शुद्धीवर आल्यावर गुरुदासनं एवढंच विचारलं, "आये, वळी तुटली?" मी नाही म्हटलं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

तक्रार कोणाविरुद्ध म्हणून विचारलंत. पांडुरंगबाबांचं नाव घाला. त्याखाली माझं घाला.

लिहिलेलं सगळं मला वाचून दाखवलं. एका जागी 'प्यालेला असावा' असं घातलं होतं, ते खोडून घेतलं. बाकी मी बोलले तसंच आहे. डावा अंगठा तीनदा दाबला. सुंभ वळून रेघा गेल्या आहेत, नुसता काळा डाग उठतो. तो माझाच.