चालू वर्तमानकाळातल्या विहिणी

हॅलो?… हो गं, मीच… कुठली झोप! बाळ झोपलंय, बाळंतीण झोपलीय, दुभाषे चिरंजीव ऑफिसात. मी आणि विहीणबाई एकमेकींकडे बघून हसतोय. गाल दुखायला लागले माझे.

…कोरियन? येतं की! सुनेनं शिकवलंय. फिदीफिदी हसू नकोस… अगं ऐक ना, सोपं आहे. आधी कोण, मग काय, क्रियापद शेवटी. अगदी आपल्यासारखं. पाणी म्हणजे ‘मुल’, त्याला ‘उल’ चिकटवायचं, मग ‘माश्योयो’. पाणी पिते. आणि पिणं चालूच असेल तर ‘माशिगो इस्सोयो’. पीत आहे. झालं!

…हो, तेवढंच येतं. म्हणून तेवढंच बोलते. भांडी घासताना सांगते, घासत आहे. केर काढताना सांगते, काढत आहे… नाही, आंधळ्या नाहीयेत त्या, चांगलं दिसतं त्यांना! पण दुसरं सांगू काय?

…छे, कामाला हात लावू देते की काय! सूप ढवळायला आल्या, डाव काढून घेतला. दुपटी धुवायला बसल्या, बादलीच ओढली. म्हटलं बसा! मुलीची आई, पाहुणी. उद्या कुणी म्हणायला नको, सासूनं राबवलं…

काय?… कशाला आल्यात म्हणजे? लेकीचं बाळंतपण करायलाच आल्यात ना, एवढं विमानानं…

…हं.

…हो, हो, पोचला टोमणा. तू फार शहाणी.

थांब. विहीणबाई मघाशी उठून आत गेल्या, तिथून चेनचा आवाज येतोय… अगं, बॅग भरतायत! तिकीट तर पुढच्या महिन्याचं आहे!… काय विचारू, कपाळ? ‘बॅग भरत आहात’, एवढंच येतं मला. ते त्यांना माहीत आहे!

…रडतायत गं. माझंच चुकलं. लेकीच्या घरी आल्या, आणि शोकेसमधली बाहुली करून ठेवली मी त्यांची…

नको, सुनेला नको उठवायला… थांब, बाळ उठलं. देते त्यांच्याकडे… नाही, बोलत काही नाही, नुसतं देते…

घेतलं… घेतलं गं! बॅग पायानंच ढकलली कॉटखाली!

…काहीतरी म्हणतायत मला. जोरात. कळत नाहीये… हातानं दाखवतायत… टॉवेल. टॉवेल आण म्हणतायत. मला! माझ्याच घरात!

…जाते की! पळतच जाते. ठेव फोन!